बेल कुणाच्या दारात वाजली? : आभासी यंत्रांतील इंटरप्ट-राउटिंगचे एक परीक्षण



परीक्षण म्हटलं की आपल्यासमोर नाटक येतं, सिनेमा येतो, कादंबरी येते. कोडचं परीक्षण करायची सवय आपल्याकडे फारशी नाही. कोड 'चालतो' किंवा 'चालत नाही', एवढ्यावर विषय संपतो. पण कोडसुद्धा कुणीतरी लिहिलेला मजकूरच असतो. लिहिणाऱ्याने काही गृहीत धरलेलं असतं, काही गोष्टींवर विश्वास टाकलेला असतो, काही प्रश्न विचारलेले असतात आणि काही विचारायचे राहून गेलेले असतात. आज आपण असाच एक मजकूर वाचणार आहोत. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्ट कुठून कुठे जातात हे ठरवणारा कोड. प्रामुख्याने दोन प्रकल्प घेऊ. एक क्यूएमू, जो फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केला. आणि दुसरा लिनक्स कर्नलमधला केव्हीएम, जो २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीत आला. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या असंख्य मशीनच्या मुळाशी या दोघांपैकी एक किंवा दोन्ही असतात.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. या कोडमध्ये जे मोठे घोटाळे झाले, ते अवघड गणितामुळे झालेले नाहीत. 'ही किंमत कुणी लिहिली?' आणि 'काम झाल्याची पोच कुठून परत येणार?' हे दोन साधे प्रश्न योग्य जागी विचारले गेले नाहीत, म्हणून झाले.

आधी थोडी पार्श्वभूमी

इंटरप्ट म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत आहे, तरी दोन वाक्यांत सांगतो. डिस्क, नेटवर्क कार्ड, घड्याळ अशा उपकरणांना प्रोसेसरचं लक्ष हवं असलं, की ती बेल वाजवतात. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, बेल कुणाची ते बघतो, काम करतो, आणि 'झालं' अशी पोच देऊन मागच्या कामाकडे जातो. या पोचेला एंड ऑफ इंटरप्ट, थोडक्यात ईओआय म्हणतात. हे अक्षर लक्षात ठेवा, ते पुढे आपल्याला छळणार आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८२५९ नावाची एक चिप होती आणि तिला आठ वायरी होत्या. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये अशा दोन चिप एकमेकींना जोडल्या, त्या जोडणीत एक वायर खर्च झाली आणि १५ उरल्या. पुढे आयओ-एपिक आलं, त्याला साधारण २४ पिना. प्रत्येक पिनेसाठी ६४ बिटांची एक नोंद: ही बेल वाजली तर कोणत्या प्रोसेसरला, कोणत्या क्रमांकाने कळवायचं. या नोंदींच्या तक्त्याला रीडायरेक्शन टेबल म्हणतात. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनकडे वही असते ना, कोणत्या फ्लॅटचा इंटरकॉम नंबर काय, तशीच ही वही. शेवटी पीसीआय २.२ मानकात एमएसआय आलं. त्यात वायरच नाही. उपकरण एका ठरावीक पत्त्यावर एक संख्या लिहितं, आणि ते लिहिणं हाच इंटरप्ट.

खऱ्या मशीनमध्ये ही वही सिलिकॉनमध्ये असते. ऑपरेटिंग सिस्टिमने तिच्यात काहीही वेडंवाकडं लिहिलं तरी फार तर तेच मशीन अडकेल. आभासी यंत्रात मात्र ही वही म्हणजे होस्टच्या मेमरीतला एक साधा ॲरे. तिच्यात लिहिणारा गेस्ट, म्हणजे भाडेकरू. वाचणारा होस्ट, म्हणजे घरमालक. आणि त्याच होस्टवर दुसरे पंचवीस भाडेकरू राहतात, ज्यांचा या वहीशी काही संबंध नाही. पणाला काय लागलंय ते इथे कळतं. वहीतल्या एका चुकीच्या ओळीमुळे शेजाऱ्याच्या घरातलं दिसणार का? किंवा अख्खी इमारत खाली येणार का? हे केवळ कल्पनेतले प्रश्न नाहीत. दोन्ही घडण्याजोगं होतं, आणि तेही एकाच फाइलमध्ये.

पहिलं उदाहरण: जो पहारेकरी हजरच नव्हता

२०१३ सालचा हा दोष सीव्हीई-२०१३-१७९८ या क्रमांकाने नोंदलेला आहे. केव्हीएममधली आयओ-एपिकची नक्कल करणारी फाइल. तिच्यात रजिस्टर वाचणारं एक फंक्शन.

आयओ-एपिकची ५०-६० रजिस्टरं थेट दिसत नाहीत. दोनच खिडक्या असतात. पहिलीत तुम्ही क्रमांक लिहायचा, 'मला अमुक रजिस्टर हवं'. दुसरीतून त्याची किंमत वाचायची. रीडायरेक्शनच्या नोंदी हेक्साडेसिमल १० पासून सुरू होतात, प्रत्येक नोंद दोन क्रमांक व्यापते, म्हणजे २४ नोंदी १० ते ३एफ एवढ्यात बसतात. आता गेस्टने त्यापलीकडचा क्रमांक लिहिला तर? फंक्शन त्यातून १० वजा करणार, दोनने भागणार आणि ॲरेमध्ये त्या जागी बघणार. ॲरे तर २४ चाच.

गंमत अशी, की हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं होतं. फंक्शनमध्ये ओळ होती, 'असर्ट: हा क्रमांक पिनांच्या संख्येपेक्षा लहान आहे'. वाचणाऱ्याला वाटावं, छान, काळजी घेतलेली आहे. पण तो असर्ट फक्त डीबग बिल्डमध्ये जिवंत होता. प्रत्यक्ष वापरात जाणाऱ्या कर्नलमध्ये ती ओळ कंपाइल होताना नाहीशी व्हायची. परिणाम काय? नव्या कर्नलवर गेस्ट होस्टला भलतीच मेमरी वाचायला लावून कर्नल ऊप्स घडवू शकत होता. आणि ३.३ च्या आधीच्या कर्नलवर तर होस्टच्या मेमरीचे मोठमोठे भाग वाचू शकत होता. होस्टच्या मेमरीत काय असतं? बाकीच्या भाडेकरूंचं सगळं.

दुरुस्ती एका ओळीची होती. क्रमांक मर्यादेत असेल तर नोंद द्या, नसेल तर सगळे बिट एक असलेली संख्या द्या. नसलेलं रजिस्टर वाचलं तर खरं हार्डवेअरही बऱ्याचदा असंच उत्तर देतं. म्हणजे दुरुस्तीने गेस्टला ओरडाही दिला नाही आणि होस्टही पाडला नाही. 'असं काही इथे नाही' एवढंच सांगितलं. आमच्या मते या फाइलमधली ही सगळ्यात शहाणी ओळ आहे.

या कथेला एक शेपूटही आहे. २०२० मध्ये त्याच फंक्शनला पुन्हा हात लावावा लागला. स्पेक्टर प्रकारच्या हल्ल्यांमुळे कळलं होतं, की प्रोसेसर तपासणीचा निकाल यायच्या आधीच अंदाजाने पुढे जाऊन वाचून ठेवतो. त्यामुळे तपासणी बरोबर असूनही क्रमांकाला वेगळं बंधन घालावं लागलं, जेणेकरून अंदाजाने पुढे जातानासुद्धा तो ॲरेच्या बाहेर जाणार नाही. एकाच ओळीचे तीन अवतार झाले: आधी नुसता देखावा, मग खरी तपासणी, मग हार्डवेअरचा स्वभाव ओळखून केलेली तपासणी.

दुसरं उदाहरण: जो पहारेकरी इमारतच पाडतो

पहिल्या उदाहरणावरून कुणी म्हणेल, 'मग असर्ट कायम चालू ठेवा, प्रश्न मिटला.' पुढच्याच वर्षी या उपायाचं उत्तर मिळालं. सीव्हीई-२०१४-०१५५. फाइल तीच.

इंटरप्ट क्रमांक ८ म्हणजे मशीनमधल्या घड्याळाचा, आरटीसीचा. काही गेस्ट या घड्याळाच्या टिकटिकीवर वेळ मोजतात, म्हणून एकही टिक हरवलेली चालत नाही. त्यासाठी केव्हीएम एक मोजणी ठेवतं: ही टिक किती प्रोसेसरना पोचली आणि त्यांपैकी किती जणांची ईओआय यायची बाकी आहे. इंटरप्ट पोचवणारं फंक्शन एक संख्या परत करतं, किती जणांना मिळाला. ती संख्या थेट मोजणीत लिहिली जायची.

आता गेस्टने वहीत असा पत्ता लिहिला, जिथे कुणी राहतच नाही. समजा शून्य लॉजिकल पत्ता, किंवा नसलेल्या प्रोसेसरचा क्रमांक. पोचवणारं फंक्शन परत करतं उणे एक. कुणालाच मिळाला नाही. आणि हे उणे एक 'किती जणांची पोच बाकी' या खात्यात जाऊन बसतं. उणे एक जणाची पोच बाकी!

पुढची टिक आली. आधीची टिक अजून बाकी आहे का, हे बघणारी एक तपासणी आहे. ती विचारते, 'बाकी शून्यापेक्षा जास्त आहे का?' उणे एक जास्त नाही, म्हणून पुढे जाऊ दिलं. नंतर दुसरी तपासणी, आणि ती विचारते, 'बाकी शून्याहून वेगळी आहे का?' उणे एक वेगळी आहेच. ही दुसरी तपासणी होती बग-ऑन. म्हणजे 'असं कधीच होऊ शकत नाही, झालंच तर थांबा'. आणि थांबतं कोण? कर्नल. गेस्टचा नव्हे, होस्टचा.

बघा, दोन तपासण्या, दोघींचे शब्द जवळजवळ सारखे. 'शून्यापेक्षा जास्त' आणि 'शून्याहून वेगळी'. लिहिणाऱ्याच्या मनात संख्या कायम धन होती, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच होता. गेस्टने त्या दोन वाक्यांमधली फट शोधली. दुरुस्ती पुन्हा तेवढीच छोटी: उत्तर ऋण आलं तर शून्य लिहा.

या दोन उदाहरणांचा एकत्र अर्थ

एकात असर्ट नव्हता म्हणून घात झाला, दुसऱ्यात होता म्हणून झाला. मग असर्ट चांगला की वाईट? हा प्रश्नच चुकीचा आहे, असं आम्हाला वाटतं. असर्ट म्हणजे प्रोग्रामरने प्रोग्रामरला विचारलेला प्रश्न: 'आपलं ठरलं होतं ते पाळलंस ना?' गेस्टबरोबर आपलं काही ठरलेलंच नसतं. गेस्टला कोणतीही संख्या लिहायचा हक्क आहे. त्याच्या संख्येवर असर्ट लावणं म्हणजे अनोळखी माणसाने सोसायटीचा नियम मोडला म्हणून सोसायटीने स्वतःच्या पाण्याचा नळ तोडणं.

याची दुसरी, चांगली बाजूही दाखवायला हवी. क्यूएमूमध्ये पीसीआय बसच्या कोडात इंटरप्टची पातळी बदलणारं एक छोटं फंक्शन आहे. त्यातही असर्ट आहेत: इंटरप्ट क्रमांक शून्यापेक्षा लहान नसावा, आणि बसने जाहीर केलेल्या संख्येच्या आतच असावा. तिथे आमची काहीच तक्रार नाही. कारण तो क्रमांक गेस्टकडून येत नाही. अमुक स्लॉटची अमुक पिन कुठे जोडलेली आहे, हे सांगणाऱ्या बोर्डच्या कोडातून तो येतो, आणि ते बोर्ड आपल्याच प्रकल्पातल्या कुणीतरी लिहिलेलं असतं. त्याने चूक केली असेल तर लगेच, पहिल्याच चाचणीत कळलेलं बरं. शिवाय क्यूएमूने आणखी एक गोष्ट केली आहे, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. असर्ट काढून टाकून बिल्ड करायचा प्रयत्न केला तर बिल्डच होत नाही. एक हेडर फाइल सरळ नकार देते. म्हणजे २०१३ सारखा कागदावरचा पहारेकरी तिथे असूच शकत नाही.

म्हणून निकष असा, की ओळीत असर्ट आहे का हे बघण्याआधी ती संख्या कुणाच्या हातातून आली ते बघा. आपल्या हातातून आली असेल तर असर्ट. गेस्टच्या हातातून आली असेल तर तपासणी, आणि तपासणी नापास झाली तर हार्डवेअर देईल तसं मुकाट उत्तर.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. क्यूएमू ही होस्टवरची एक साधी प्रोसेस आहे, प्रत्येक गेस्टला वेगळी. गेस्टने तिच्यातला असर्ट उडवला तर गेस्ट स्वतःच मरेल, शेजाऱ्याला काय त्याचं? काही अंशी खरं आहे. केव्हीएमच्या असर्टपेक्षा क्यूएमूचा असर्ट कमी घातक, हे मान्यच. पण 'गेस्ट' म्हणजे एकच माणूस असं कुठे आहे? गेस्टच्या आत आणखी एक गेस्ट असू शकतो, आणि आतल्याला एखादं उपकरण थेट दिलेलं असू शकतं. मग आतला भाडेकरू बाहेरच्या भाडेकरूचं घर पाडतो. त्यामुळे 'स्वतःचंच नुकसान' या युक्तिवादावर फार भार टाकू नये.

एक कौतुकाची जागा: जुनं पीसी मशीन

नुसत्या चुका काढणं म्हणजे परीक्षण नव्हे. क्यूएमूच्या जुन्या 'पीसी' मशीनमध्ये पीआयआयएक्स-३ नावाच्या इंटेल चिपची नक्कल आहे. पीसीआयच्या चार वायरी ८२५९ च्या कोणत्या इंटरप्टवर जायच्या, हे तिच्यातली चार रजिस्टरं ठरवतात. ही रजिस्टरं गेस्ट लिहितो, आणि चालू मशीनवर केव्हाही बदलू शकतो.

पहिली अडचण अशी, की पीसीआयच्या वायरी सामायिक असतात. दोन उपकरणांनी एकच वायर वर धरलेली असेल आणि एकाने सोडली, तरी वायर वरच राहिली पाहिजे. त्यासाठी इथे ६४ बिटांची एक संख्या ठेवली आहे. १६ इंटरप्ट, प्रत्येकाला चार वायरींचे चार बिट. चारपैकी एकही बिट लागलेला असेल तर इंटरप्ट वर. हिशेब सुटसुटीत आहे, कागदावर मांडून बघता येतो.

दुसरी अडचण जास्त अवघड. वायर वर असतानाच गेस्टने राउट बदलला, समजा १० वरून ११ वर नेला, तर? १० नंबर कायमचा वर अडकून राहू शकतो, आणि ११ ला कधी कळणारच नाही. इथे कोड फरकांचा हिशेब करत बसत नाही. सगळे बिट शून्य करतो, बसला नव्याने विचारतो की कोणत्या वायरी आता वर आहेत, आणि नव्या राउटप्रमाणे सगळं पुन्हा मांडतो. शिवाय ज्यांनी जुना राउट लक्षात ठेवला असेल त्यांना 'राउट बदलला' असा निरोप धाडतो. जुन्या हिशेबात दुरुस्ती करण्यापेक्षा मूळ स्थितीवरून नवा हिशेब करणं हे थोडं हळू असेल, पण राउट रोज बदलत नाही. इथे वेग वाचवायला जाणं म्हणजे दमडीसाठी रुपया घालवणं झालं असतं.

आणि गेस्टने रजिस्टरमध्ये १६ पेक्षा मोठी संख्या लिहिली तर? एकच तुलना: १६ किंवा जास्त असेल तर काही करू नका. चिपच्या नियमाप्रमाणे 'राउट बंद' याची खूण सर्वांत वरचा बिट, म्हणजे १२८. ती अर्थातच १६ पेक्षा मोठी. त्यामुळे वैध 'बंद' आणि अवैध बडबड दोन्ही एकाच चाळणीत अडकतात. साधं, आणि पुरेसं.

मात्र याच प्रकल्पात, याच विषयावर एक जागा आम्हाला खटकते. 'ही पीसीआय पिन शेवटी कोणत्या इंटरप्टवर जाते?' असं विचारायला क्यूएमूमध्ये एक फंक्शन आहे. उत्तरं तीन प्रकारची: चालू, उलट्या पातळीने चालू, किंवा बंद. एखाद्या बोर्डने या प्रश्नाचं उत्तर देणारा कोड लिहिलाच नसेल, तर हे फंक्शन 'बग, हे लिहिलेलं नाही' असा संदेश छापतं आणि 'बंद' असं उत्तर देतं. कोसळत नाही, हे चांगलं. विचारणाराही 'बंद' ऐकून जलद मार्ग सोडतो आणि संथ पण बरोबर मार्ग धरतो, हेही चांगलं. पण 'गेस्टने हा राउट बंद केलाय' आणि 'आम्हाला राउट माहीतच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच शब्द दिला, तर पुढे कुणीतरी 'बंद' वाचून भलताच निष्कर्ष काढणार. चौथं उत्तर, 'माहीत नाही', असायला हवं होतं.

तिसरं उदाहरण: सुरक्षित मार्ग, पण परतीची वाट नाही

आता सर्वांत शिकवणारी गोष्ट. पहिले दोन्ही दोष कर्नलमधल्या आयओ-एपिकमध्ये होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मग सरळ विचार असा, की आयओ-एपिक कर्नलमध्ये हवंच कशाला? वेगासाठी प्रत्येक प्रोसेसरचं लोकल एपिक कर्नलमध्ये ठेवा. पण आयओ-एपिक आणि जुनी ८२५९ बाहेर, क्यूएमूमध्ये काढा. तिथे दोष असला तर एक प्रोसेस मरेल, होस्ट नाही. याला स्प्लिट इरिकचिप म्हणतात. लिनक्स ४.४ मध्ये ही सोय आली. तिचा आणखी एक फायदा: आभासी इंटेल आयओएमएमयूमधलं इंटरप्ट-रीमॅपिंग पूर्ण कर्नल पद्धतीत चालतच नाही, स्प्लिट लागतं.

विचार उत्तम. म्हणून एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या क्यूएमू ४.० ने क्यू-३५ मशीनसाठी स्प्लिट हीच मूळ निवड केली. आणि ज्यांनी गेस्टला खरं उपकरण थेट दिलं होतं, त्यातही जुन्या वायर पद्धतीचे इंटरप्ट वापरणारं, त्यांची मशीनं रुसली. विंडोज गेस्टला दिलेली ग्राफिक्स कार्डं चालेनात.

का? खरं उपकरण वायर वर धरून ठेवतं. होस्टमधला व्हीएफआयओ चालक लगेच तो इंटरप्ट झाकतो, नाहीतर होस्ट बेलच ऐकत बसेल. मग गेस्टला कळवतो. गेस्ट काम करतो, आपल्या आभासी एपिकला ईओआय देतो. ती पोच व्हीएफआयओपर्यंत परत आली, की तो झाकण उघडतो. ही परतीची वाट केव्हीएमच्या आतल्या आयओ-एपिकमधून जात होती. आयओ-एपिक बाहेर काढलं, आणि वाटच तुटली. पहिली बेल वाजली, झाकण लागलं, आणि ते पुन्हा उघडलंच नाही.

सर्वांत वाईट भाग पुढे आहे. क्यूएमूने 'पोच आली की मला कळव' अशी नोंदणी केव्हीएमकडे केली, तेव्हा केव्हीएम 'हो' म्हणालं. स्प्लिट पद्धतीत ते कधीच कळवू शकणार नव्हतं, तरीही. कुठे चूक झाल्याचा संदेश नाही, कोसळणं नाही, नुसती शांतता. आमच्या मते बग-ऑनने होस्ट पाडणं जितकं वाईट, तितकंच हे खोटं 'हो' वाईट. पाडलेला होस्ट निदान कुठे पडला ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ च्या ४.१ मध्ये मूळ निवड परत पूर्ण कर्नल पद्धतीवर नेण्यात आली, आणि ४.० च्या स्थिर शाखेसाठी वेगळा मशीन प्रकार काढावा लागला. 'मग स्प्लिट असेल तेव्हा संथ मार्ग वापरा' हा उपाय तेव्हा पुरेसा मानला गेला नाही, कारण तो मार्ग खरोखरच फार संथ आहे. उपकरणाची मेमरी गेस्टपासून तात्पुरती तोडायची, गेस्टने तिला हात लावला की 'बहुतेक काम झालं' असं समजायचं, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ११०० मिलिसेकंद शांतता गेली की पुन्हा जोडायची. पडद्यावर चित्र हलवणाऱ्या कार्डाला हे झेपणारं नाही. त्याच वर्षी कर्नलमध्ये तपासणी आली, आणि स्प्लिटमध्ये पोच मागणारी नोंदणी सरळ नाकारली जाऊ लागली. २०२० मध्ये क्यूएमूने परतीची वाट स्वतः बांधली. ईओआय बाहेरच्या आयओ-एपिकला कळली, की क्यूएमू स्वतःच व्हीएफआयओला ढोसतं.

हा क्रम लक्षात घ्या. सुरक्षेसाठी केलेला बदल बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की इंटरप्टचा राउट म्हणजे जाणारा रस्ता एवढंच समजलं गेलं. येणारा रस्ता हाही राउटचाच भाग आहे. वही हलवताना 'बेल कुठे वाजेल' हे तपासलं, 'दार उघडल्याचं कुणाला कळेल' हे राहिलं.

नाव ठेवण्याबद्दल थोडं

एमएसआयचा उल्लेख वर केला. तिथे इंटरप्ट म्हणजे मेमरीच्या पत्त्यावरचं एक लेखन. आता गेस्टला दिलेलं खरं उपकरण मेमरीत थेट लिहू शकतं. म्हणजे गेस्टने उपकरणाला सांगून त्या खास पत्त्यावर हवी ती संख्या लिहवली, तर होस्टलाच खोटे इंटरप्ट देता येतात. इथे खोटी बेल वाजवायला वहीत खाडाखोड करायची गरजच नाही, थेट बटणालाच हात पोचतो. इलाज म्हणजे हार्डवेअरमधलं इंटरप्ट-रीमॅपिंग, जे प्रत्येक लेखन तपासून घेतं, की हे उपकरण हा इंटरप्ट देऊ शकतं का.

ज्या होस्टवर ही सोय नाही, तिथे व्हीएफआयओ उपकरण द्यायलाच नकार देतं. नकार मोडायचा असेल तर एक पॅरामीटर आहे, आणि त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'असुरक्षित इंटरप्ट चालू द्या'. हे नाव आम्हाला फार आवडतं. सेटिंग बदलणाऱ्याला स्वतःच्या हाताने 'असुरक्षित' हा शब्द टाइप करावा लागतो. उद्या दुसऱ्या कुणी ती फाइल उघडली, तर त्यालाही तो शब्द दिसणारच. मघाच्या 'बंद' या दुटप्पी उत्तराशेजारी हे नाव ठेवून बघा. चांगलं नाव हीसुद्धा एक तपासणीच असते.

तर मग वाचायचं कसं?

तुमच्यापैकी बरेच जण असा कोड लिहीत नसाल. पण वाचता येतो, आणि वाचला पाहिजे, कारण आपलं बँकेचं, दवाखान्याचं, सरकारी कामाचं ओझं आज अशाच सामायिक होस्टवर आहे. वाचताना चार गोष्टी विचाराव्यात, असं आम्ही सुचवतो.

ही संख्या कुणी लिहिली, आपण की गेस्टने? ती चुकीची असेल तर नुकसान कुणाचं, लिहिणाऱ्याचं की शेजाऱ्याचं? राउट मधेच बदलला तर हिशेब मुळापासून होतो की जुन्यावर ठिगळ लागतं? आणि पोच कोणत्या वाटेने परत येते. ती वाट नसेल तर कोड 'नाही' म्हणतो, की खोटं 'हो' म्हणून गप्प बसतो?

या चार प्रश्नांवर आज पाहिलेला कोड तपासला, तर निकाल संमिश्र येतो. पीआयआयएक्स-३ चा जुना कोड तिसऱ्या प्रश्नाला उत्तम उतरतो. केव्हीएमचा आयओ-एपिक पहिल्या दोन प्रश्नांवर दोनदा नापास झाला आणि दोन्हीदा एकेका ओळीने सुधारला. स्प्लिटची कल्पना दुसऱ्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर आहे, पण चौथ्या प्रश्नावर ती वर्षभर अडखळली. आमचं मत विचाराल तर आज नव्याने मशीन उभं करणाऱ्याने स्प्लिटच निवडावं. फक्त जुन्या वायर पद्धतीचं खरं उपकरण गेस्टला देणार असाल, तर आधी आपल्या क्यूएमूची आवृत्ती बघावी आणि त्या उपकरणाला एमएसआयवर नेता येतं का ते पाहावं.

इतकं बोलून थांबतो. वेळ अजून थोडा आहे, तेव्हा प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि कुणी असा कोड वाचून आणला असेल तर त्याच्यावरही बोलू.